पाटलोण, पँट आणि कालसांव

शुक्रवार. म्हापशाचा बाजार. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या माळा, मयड्याची केळी आणि शेजारी दोरीवर लोंबणाऱ्या विजारी. आरोळी एकच: पँट, पँट, पँट!

लंडनच्या पाहुण्याला यात चड्ड्या ऐकू येतील. त्याच्या इंग्रजीत ‘पँट्स’ आतून घालायच्या. वरून घालतात त्या ‘ट्राउझर्स’. अमेरिकेत मात्र पँट्स म्हणजे आपली फुलपँटच. शब्द मुळात ‘पँटलून’, इटलीच्या जुन्या नाटकांतल्या पांतालोने या कंजूष म्हाताऱ्यावरून पडलेला. आजोबांची ‘पाटलोण’ ती हीच. गोव्यात १९६१ पर्यंत राज्य पोर्तुगिजांचं, म्हणून कोकणीत ‘कालसांव’.

गल्लीतलं हे शिंप्याचं दुकान. खडू बघा कसा फिरतोय. कंबर, आसन, मांडी, गुडघा, शेवटी मोहरी. टेप गळ्यातच, आकडे तोंडपाठ. कात्री एकदा लागली की मध्ये थांबत नाही. दोन्ही पाय वेगळे शिवून झाले. आता आसनाशी जुळतायत. युरोपात एके काळी हे पाय सुटेच असत. एकेक चढवायचा आणि वर बांधायचा. त्याला म्हणत ‘होज’. पुढे पाय जोडले गेले, तरी इंग्रजी एका विजारीला अजून ‘पेअर’ म्हणते.

तो ‘होज’ अमेरिकेच्या ‘पँटीहोज’मध्ये टिकून आहे. इंग्लंडात त्याच कमरेपर्यंतच्या तलम मोज्यांना ‘टाइट्स’ म्हणतात. अमेरिकेत टाइट्स म्हणजे जाड, पाय न दिसणारे. पावलं उघडी राहिली की लेगिंग्ज. आपल्या मुली त्यांना स्लॅक्स म्हणायच्या. इंग्रजीत ‘स्लॅक’ म्हणजे सैल!

आता हा निळा जाडाभरडा कपडा. मुंबईच्या डोंगरीचं नाव घेऊन असलाच कपडा विलायतेला गेला आणि ‘डंगरी’ झाला. तिथे छातीवर पट्टा असलेल्या विजारीला आजही तेच नाव. अमेरिकेत तिला ‘ओव्हरऑल्स’ म्हणतात. पायजमाही इथूनच गेला. फारसीत पाय म्हणजे पाय, जामा म्हणजे वस्त्र. घोडेस्वारांची ‘जोधपूर्स’ तर गावाचं नाव मिरवते. म्हणजे इंग्रजीचं कपाट उघडलं तर निम्मा गठ्ठा आपल्याच घरचा. निम्मा जरा जास्त झाला, पण असो.

नवी विजार शिवून घ्यायला आता क्वचितच कुणी येतं. मोहरी आखूड करायची कामं तेवढी येतात.

हा पायजमा आहे. सेफ्टी पिनेला अडकवलेली नाडी नेफ्यातून पुढे सरकतेय.