सगळे गेम नकोत, एक काम धरा

तुम्हाला ठाण्यातून नवी गेमिंग कम्युनिटी उभी करायची आहे. तुमचा आराखडा मी वाचला. बातम्या, ट्रेलर, परीक्षणं, स्पर्धा, मीम्स, सगळं त्यात आहे, आणि मला काळजी वाटते ती याचीच. ट्रेलर सगळ्या जगात एकाच मिनिटाला पोचतो. त्यावर बोलणारे इंग्रजी आणि हिंदीतले मोठे चमू पगारी माणसं ठेवून बसलेत. त्या शर्यतीत तुम्ही कायम उशिराच पोचणार.

आपल्याच शहरात बघा. १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. मोठी ग्रंथालयं तेव्हा मुंबईत होतीच. यांनी ठरवलं, आपण मराठी ग्रंथ जमवायचे. संस्थेची ओळख आजही तीच आहे.

गेमिंगमध्येही असं झालंय. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा जुन्या साम्राज्यांच्या लढायांचा १९९९ चा गेम. पुढे कित्येक वर्षं कंपनीकडून त्यात नवं काही येईना, तेव्हा चाहत्यांच्या एका गटाने स्वतःच नव्या संस्कृती (म्हणजे खेळाडूने निवडायचे लोकसमूह) आणि नवे नकाशे बनवायला घेतले. २०१३ मध्ये तेच काम ‘द फरगॉटन’ नावाने अधिकृतपणे बाजारात आलं. त्या गटाचा पुढे स्टुडिओ झाला, आणि २०२२ मध्ये त्यांनीच गुर्जर, बंगाली आणि द्रविड या संस्कृती गेममध्ये आणल्या. इतर काय करतात हे बघत बसले असते तर हे झालं नसतं.

मग तुम्ही काय धरायचं? माझं मत स्पष्ट आहे: स्वस्त फोन. कळवा, दिवा, कोपरखैरणे इथली बहुतेक मुलं साध्या फोनवर खेळतात. गेम दहा-पंधरा मिनिटांत अडखळायला लागला की ‘नेट लॅग मारतंय’ म्हणून वायफायला शिव्या घालतात. पुष्कळदा नेटचा काही दोष नसतो. फोन तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, गळायला लागतात. अशा वेळी पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला नेटला लागणाऱ्या वेळेचा, आकडा जागचा हलत नाही. खरी खूण ती. चार्जिंगला लावून खेळू नका, कव्हर काढा, ग्राफिक्स सगळ्यात खाली आणा, हे कुणीही सांगेल. पण अमुक मॉडेलवर अर्ध्या तासाने फ्रेम किती उरतात, कुठल्या अपडेटनंतर तो बिघडला, हे मोजून मराठीत लिहून ठेवणारं मला अजून कुणी दिसलेलं नाही. हे काम चिकाटीचं आहे, कंटाळवाणंही आहे. पण ज्या मुलाचा प्रश्न सुटेल तो चार मित्रांना घेऊन येईल.

यात आणखी एक फायदा आहे. २०२२ च्या जुलैमध्ये बीजीएमआय हा फोनवरचा लढाईचा गेम ॲप स्टोअरवरून गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. फक्त त्याच्या स्पर्धांवर उभ्या असलेल्या ग्रुपने मधले महिने काय करायचं? फोन मात्र रोज हातात असतो, गेम कुठलाही असो. स्पर्धा घ्याल तेव्हा २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा आधी नीट वाचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे, ई-स्पोर्ट्सची, म्हणजे कौशल्याच्या गेमिंग स्पर्धांची, गोष्ट वेगळी आहे.

शेवटचं बोलतो ते मुलींबद्दल. कितीतरी मुली माइक बंद ठेवून खेळतात, कारण आवाज ऐकला की लॉबीत, म्हणजे खेळाआधी सगळे जमतात तिथे, घाण बोलणं सुरू होतं. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम लिहिलेला हवा आणि रात्री अकरालाही तक्रार बघणारं माणूस हवं. आणि नियम मोडणारा तुमचा सगळ्यात तगडा प्लेयर असला, उद्या फायनल असली, तरी त्याला त्याच रात्री बाहेर काढा.