धारेवरचा वळीव

(पडद्यावर अंधार. गाडीचं दार लागल्याचा आवाज. पायाखाली खडी.)

पहाटेचे साडेपाच. जुना कात्रज बोगदा. वाघजाईच्या देवळात आमच्याही आधी कोणीतरी उदबत्ती लावून गेलंय. खाली पुण्याचे दिवे अजून मालवलेले नाहीत आणि डोक्यावर पहिली टेकडी उभी आहे.

कात्रज ते सिंहगड ही वाट पुणेकर बहुतेक रात्रीच चालतात. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार गाठायचा, बॅटऱ्या कपाळाला बांधायच्या आणि उजाडता उजाडता गडावर पिठलं-भाकरीला बसायचं. त्यात शहाणपण आहे, ऊन लागत नाही. पण रात्रभर दिसतात त्या पुढच्याच्या टाचा. आपण कशावरून चाललो, ते गडावर पोचल्यावरही कळलेलं नसतं. आम्हाला तेच बघायचं होतं. म्हणून एप्रिलचा मध्य आणि भर दिवस. यावर घरची मंडळी काय म्हणाली, ते या निवेदनात घेतलेलं नाही.

टेकड्या किती? तेरा. चौदा म्हणणारेही भेटतात, सोळावर अडून बसणारेही. वाद मिटत नाही, कारण मधल्या बुटक्या उंचवट्याला टेकडी म्हणायचं की नाही, हे त्या वेळी पाय किती दुखतायत त्यावर ठरतं.

(सहा वाजून वीस मिनिटं. पूर्वेकडे तांबूस उजेड, दरीत धुरकट पट्टा.)

पहिल्या तीन टेकड्या धुक्यात गेल्या. पश्चिमेकडून दमट वारा होता, बाह्या खाली ओढून घ्याव्या लागल्या. कुठूनतरी पावशा ओरडत होता, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. जमिनीवर पेरण्यासारखं काही नव्हतं. अर्धा उतार वणव्यात जळून काळा पडलेला, उरलेल्या अर्ध्यावर वाळकं गवत.

आणि या दिवसातली खरी अवघड गोष्ट इथे सुरू होते. चढ नव्हे, उतार. पावसाळ्यात पाय चिखलात रुततो, निदान थांबतो तरी. एप्रिलमध्ये मुरूम सुटा झालेला असतो. आपल्याकडे त्याला घसारा म्हणतात. त्याच्यावर पाय ठेवला की पाय आणि डोंगर दोघंही खाली निघतात. वरून वाळकं गवत, ते तर तेल लावल्यासारखं. चौथ्या टेकडीवरून आमच्यातले दोघं सरळ बसून उतरले. एकाच्या पँटची शिवण तिथेच राहिली.

असं का होतं, ते डोंगराच्या अंगावरच लिहिलेलं आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. काही थर टणक कातळाचे, काही भुसभुशीत, बुडबुड्यांच्या भोकांचे. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, भुसभुशीत थर झिजून उतार होतो. म्हणून सह्याद्री लांबून पायऱ्यांसारखा दिसतो. चालणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर दहा पावलं घसारा, मग पुरुषभर उंचीचा कातळ, पुन्हा घसारा. कातळावर दोर लागत नाही, पण हात लागतात. खोबण शोधायची, आधी हलवून बघायची, मगच अंगाचा भार टाकायचा. दोन थरांच्या मध्ये एखाद्या ठिकाणी विटकरी मातीची पट्टी दिसते. तिला धरायचं नाही. ती हातात येते.

(कॅमेरा धारेवरून वळतो. उजवीकडे शहर, डावीकडे मोकळी दरी.)

सहाव्या टेकडीवर धुकं उठलं आणि पहिल्यांदा दोन्ही बाजू एकदम दिसल्या.

उजव्या हाताला उत्तर. धायरी, वडगाव, पलीकडे पार धुरकट होईपर्यंत इमारतीच इमारती, आणि पुढे खडकवासल्याचं पाणी. डाव्या हाताला दक्षिण. शिवगंगेचं खोरं, खेड शिवापूर, सातारा रस्त्यावरची ट्रकची मुंगीरांग. समोर डावीकडे राजगड आणि तोरणा, पाठीमागे पुरंदर. ही भुलेश्वरची रांग. आणि आम्ही चालतोय ती धार म्हणजे पाण्याची वाटणी आहे.

बाटलीत पाणी मोजकं होतं. धारेवर उन्हाळ्यात थेंब मिळत नाही, माणशी चार लिटर पाठीवर वाहून आणावं लागतं. तरी एकानं झाकणभर पाणी कातळाच्या नेमक्या कण्यावर ओतलंच. अर्धं उजवीकडे गेलं, अर्धं डावीकडे. उजवीकडचं मुठेला, मुळा-मुठेतून भीमेला. डावीकडचं शिवगंगेला, तिथून गुंजवणीला, मग नीरेला. नीराही शेवटी भीमेलाच मिळते, उजनी धरणाच्या खाली, नीरा नरसिंहपूरला. म्हणजे झाकणातल्या पाण्याची ताटातूट इथे, भेट तिथे, आणि मग दोघं मिळून पंढरपूरला. झाकणभर पाणी अर्थात हातभर अंतरावरच तापल्या दगडात जिरलं.

उजवीकडचं पाणी नेहमी इतकं गरीब नसतं. याच कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून ते पाणी नळानं शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तोच ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलाकडच्या वस्त्यांमध्ये घुसला, माणसं गेली. खाली शहरात ओढा दिसत नाही, भिंती दिसतात. इथून मात्र त्याची घळ बोटानं दाखवता येते.

(दुपार. पांढरं ऊन. श्वासांचा आवाज.)

आठवी, नववी, दहावी. यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ऊन होतं.

एका खिंडीत बिनपानांच्या कहांडळाखाली बसलो. पांढरं खोड, सावली नावापुरती. हिरव्या करवंदांचा आंबटपणा दातांवर. तेवढ्यात खालून शेरडं आली आणि त्यांच्यामागे एक आजोबा, खांद्यावर घोंगडी. या उन्हात घोंगडी, म्हणून आम्हाला हसू आलं.

"कुठवर?"

"गडावर, आजोबा."

"मग बसलाय कशापायी? मागं बघा जरा."

मागं बघितलं. पुरंदरच्या अंगाला फुलकोबीसारखा पांढरा ढग चढला होता. खालचा तळ मात्र शाईसारखा.

"तासाभरात हितं येतंय बघा. आन् आलं की टेकाडावर ऱ्हाऊ नका, पोरांनो. खिंडीत बसा."

आमच्याकडे फोनवर 'दामिनी' होतं. पुण्याच्याच पाषाणच्या हवामान संस्थेत तयार झालेलं ॲप, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल तर सांगतं. त्यानंही तेच सांगितलं, आजोबांनंतर दहा मिनिटांनी. पुण्याला हवामानाचं वेड जुनं आहे. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सगळे शिमला ऑफिसच म्हणतात. पण घोंगडी बरोबर घेऊन निघायचं की नाही, हे त्या दिवशी एकट्या आजोबांना कळलं होतं.

(वारा. कॅमेरा हलतो. फुफाटा.)

वळीव कधी विचारून येत नाही, आमच्याकडे तर निरोप पाठवून आला होता. तरी एक टेकडी जास्त केलीच. ही आमची चूक. अकरावीच्या माथ्यावर असताना वारा अचानक पडला, मग उलटा फिरला आणि मिनिटभरात हवा पंधरवड्यानं मागे गेल्यासारखी गार झाली. वीज चमकली. मोजायला लागलो. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. पहिल्यांदा पंधरा आले. पुढच्या वेळी नऊ.

तो उतार आम्ही कसा उतरलो याचं चित्रण नाही. कॅमेरा पिशवीत होता.

खिंडीत पोचल्यावर अॅल्युमिनियमच्या काठ्या बाजूला टाकल्या, एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसलो. जवळ एक कपार होती, आत शिरायचा मोह झाला. पण वीज कातळावरून उतरताना उथळ कपारीच्या तोंडातून उडी मारते, म्हणून उघड्यावरच भिजलो. आधी बोराएवढे थेंब, मग गारा. पाठीवर पिशवीचा आवाज ताशासारखा. मातीचा वास आला की नाही, आठवत नाही. आठवतो तो जळक्या गवताचा वास, ओल्या राखेचा. चौघांच्याही हातांवरून काळं पाणी निथळत होतं.

पंचवीस मिनिटं. मग गडगडाट खडकवासल्याकडे सरकला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं, तेवढे थांबलो. दात वाजत होते, एप्रिलमध्ये, दुपारी तीन वाजता.

(ओला कातळ. तोरण्याच्या मागून तिरपं ऊन.)

पुढचे चढ वेगळ्याच डोंगरातले वाटले. सकाळी जो मुरूम पायाखालून पळत होता तो आता घट्ट बसला होता. उलट, भरवशाचा कातळ बुळबुळीत झालेला. दिवसभर शिकलेलं सगळं उलटं करायचं: मातीवर विश्वास, दगडावर संशय. एका जागी माझा डावा हात सुटला, खालच्याने टाच धरली. दोघंही काही बोललो नाही.

सिंहगडाचा दूरदर्शनचा मनोरा समोर येत होता, जवळ मात्र येत नव्हता. गडाची उंची १,३०० मीटरच्या आसपास, शहर ५६० वर. आकडा मोठा नाही. पण आम्ही तो एकदाच चढलो नव्हतो, तुकड्या-तुकड्यानं चढून पुन्हा पुन्हा हरवला होता.

साडेपाचला घाटाचा डांबरी रस्ता लागला. कडेला टोपलीशी बसलेल्या मावशी दह्याची मडकी आवरत होत्या.

"भिजलात की सगळे! किती टेकड्या झाल्या?"

एक म्हणाला तेरा. एक म्हणाला चौदा. तिसरा बूट काढत होता, तो म्हणाला, "मावशी, आधी दही द्या."

फोनला रेंज आली आणि लगेच घरून फोन. इथून सरळ रेषेत बिबवेवाडी किती, फार तर पंधरा किलोमीटर.

"पाऊस? कसला पाऊस? इकडे थेंब नाही. गच्चीवर कुरडया वाळतायत."