शेवटचं टिंब कोण पाहतं?

(प्रबंध टाइप करणारे, मुद्रितशोधक आणि संशोधक विद्यार्थी यांच्यासमोर नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

द्राक्षांवरच्या केवडा किंवा भुरी या रोगांवर कुणी इंग्रजीत प्रबंध लिहितं आणि फाईल तुमच्याकडे येते, तेव्हा तिच्यात पानोपानी लॅटिन असतं. संदर्भात ‘एट अल.’, उदाहरणाआधी ‘ई.जी.’, खुलाशाआधी ‘आय.ई.’. तुम्ही स्पेलचेकर फिरवता, लाल रेघा जातात आणि फाईल बाइंडिंगला निघते. माझं म्हणणं इतकंच, की लाल रेघ नाही म्हणून या संक्षेपांमधलं टिंब बरोबर आहे असं समजू नका.

‘एट अल.’ घ्या. सगळ्यांत जास्त वाट याचीच लागते. ‘एट’ म्हणजे ‘आणि’. हा अख्खा शब्द आहे, त्यातलं काही गाळलेलं नाही, म्हणून त्याला टिंब नाही. ‘अल’ हा मात्र ‘इतर’ अशा अर्थाच्या लांब शब्दाचा तुकडा आहे. टिंब फक्त त्याला. तरी ‘एट. अल.’ सर्रास छापलं जातं, ‘एट. अल’ही दिसतं.

स्पेलचेकरला हे का दिसत नाही? कारण तो एकेक शब्द सुटा करून कोशाशी ताडतो, आणि सुटा करताना कडेची विरामचिन्हं बहुधा बाजूला पडतात. संगणकावरच्या लिप्यांचं मानक असलेल्या युनिकोडने शब्द तोडण्याचे नियम घालून दिले आहेत, त्यात दोन अक्षरांमध्ये चिकटून आलेलं टिंब शब्दाचा भाग धरलं जातं, पण शेवटचं टिंब शब्दाबाहेर पडतं. म्हणजे ‘ई.जी.’चं शेवटचं टिंब तुम्ही दिलं काय आणि विसरलात काय, या नियमाने चालणाऱ्या तपासनिसाच्या हातात दोन्ही वेळा तोच शब्द येतो. ‘एट. अल.’चंही तसंच. तिथे जागा सोडलेली असल्याने ते दोन वेगळे शब्द होतात आणि दोघांचीही टिंबं गळतात. व्याकरण तपासणारी साधनं अशा काही ठरावीक चुका पकडतात. पण तो वेगळा पहारा आहे, आणि आपल्याकडे अनेकांनी तो बंदच ठेवलेला असतो.

त्यातून ‘अल’खाली लाल रेघ आलीच, तर आपण काय करतो? राइट क्लिक, ‘ॲड टू डिक्शनरी’. झालं! आता ‘ऑल’ लिहिताना एक एल राहून गेला तरी तो कायमचा गप्प. हा उपाय मला अजिबात पसंत नाही. त्या जागेपुरतं ‘इग्नोर’ करा.

शेतीच्या प्रबंधांत आणखी एक जोडी छळते. ‘एसपी.’ म्हणजे एखाद्या प्रजातीतली (जीनस) ओळख न पटलेली एक जाती (स्पीशीज), ‘एसपीपी.’ म्हणजे त्या प्रजातीतल्या अनेक जाती. प्रजातीचं नाव तिरप्या अक्षरांत जातं, ही दोन चिन्हं मात्र सरळ. दोन्ही कोशात असली तर यंत्राला दोन्ही बरोबर. शेतात एक बुरशी सापडली की चार, हे त्याला कुठून कळणार? शिवाय टिंब आलं की वाक्य संपलं असं वर्ड धरतं आणि पुढचं अक्षर कॅपिटल करतं. त्यासाठी ऑटोकरेक्टमध्ये अपवादांची यादी असते. तुमचं संक्षेपरूप त्यात नसेल तर घाला.

‘सीएफ.’ (‘ताडून पाहा’) हा एकाच शब्दाचा संक्षेप, मधे टिंब नको. ‘सिक’ (‘मुळात असंच आहे’) पूर्ण शब्द, टिंब नकोच. ‘व्हिझ.’ (‘म्हणजेच’) यातला झेड तर मुळात अक्षरच नव्हता. हाताने पोथ्या लिहिणाऱ्या युरोपातल्या लेखनिकांची ती संक्षेपाची खूण, छापखान्यात आल्यावर झेड झाली.

ब्रिटनमधलं गार्डियन हे वृत्तपत्र ‘ई.जी.’ची दोन्ही टिंबं गाळतं, अमेरिकेची शिकागो ही लेखनशैलीची पद्धत टिंबं ठेवून पुढे स्वल्पविरामही मागते. दोन्ही चालतात, एका प्रबंधात दोन्ही नाही. विद्यापीठाची शैलीपुस्तिका आधी विचारून घ्या.

मराठीतही हे आहेच. ‘इ. स.’मध्ये जागा सोडली की ‘इ.’ एका ओळीत आणि ‘स.’ दुसरीत जाऊ शकतो. वर्डमध्ये तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, जोडी फुटत नाही.

बाइंडिंगआधी शोधखिडकीत टिंबासकट ‘एट.’ टाकून बघा, नको असलेली टिंबं तिथेच सापडतील. गळलेली टिंबं मात्र अशी सापडत नाहीत. त्यासाठी नुसतं ‘अल’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनीच पाहावी लागते. आणि वाक्य ‘एटसेट्रा’च्या संक्षेपाने संपत असेल तर टिंब एकच द्यायचं. प्रश्न असेल तर आधी टिंब, मग प्रश्नचिन्ह.