सतरा नंबरचं कपाट

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत विषय छापलाय 'पुस्तकं, अश्लीलता आणि वयाची अट'. मधल्या शब्दामुळे गर्दी झाली असावी, असं अध्यक्ष आत्ता माझ्या कानात म्हणाले. असेलही. दाराशी कॉलेजची मुलं उभी आहेत, त्यांनी पुढे यावं. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि वयाची अट नाही.

मी ३२ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली बरीचशी देवघेव विभागात. आमच्याकडे एक सतरा नंबरचं कपाट होतं. बाकीची कपाटं काचेच्या दारांची, हे एकटं पत्र्याचं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. आत र. धों. कर्व्यांचं 'आधुनिक कामशास्त्र', वात्स्यायनाची दोन भाषांतरं, दहाबारा कादंबऱ्या आणि बाळंतपणावर एका डॉक्टरांनी लिहिलेलं पुस्तक. या शेवटच्यात आकृत्या होत्या, तेवढाच त्याचा गुन्हा. १८ वर्षांखालच्या सभासदाला या कपाटातलं पुस्तक पालकांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, असा नियम होता. तो काही कुणी कायदा वाचून केला नव्हता. कधीतरी कुणाची तक्रार आली, कार्यकारी मंडळात ठराव झाला, कपाट आलं.

एकदा दहावीतली एक मुलगी आली. "मॅडम, ते बाळंतपणाचं पुस्तक हवंय." म्हटलं, "कशाला गं?" तर म्हणाली, "शाळेत तो धडा बाईंनी घरी वाचून या म्हणून सांगितलाय. घरी कुणाला विचारू?" मी नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी हजर. 'माझ्या मुलीस सदर पुस्तक देण्यास माझी हरकत नाही.' सही बापाची, अक्षर लेकीचं. तिची मागणीपत्रकं मी चार वर्षं बघत होते, अक्षर ओळखणार नाही? मी चिठ्ठी फाईलला लावली आणि पुस्तक दिलं.

हे सांगितलं, कारण कायद्यातही साधारण असंच एक कपाट आहे.

सिनेमाला बोर्ड आहे. १९५२चा कायदा आहे, प्रमाणपत्र आहे, 'ए' आहे, आता तर ७, १३ आणि १६ वर्षं असे पोटभाग आहेत. पुस्तकाला आपल्याकडे तसलं काही नाही. छापण्याआधी कुणाला दाखवावं लागत नाही, मुखपृष्ठावर वय टाकावं लागत नाही. वाटतं, वा, काय स्वातंत्र्य! पण पुस्तक बाजारात आल्यावर दंड संहितेचं कलम २९२ उभं राहायचं. अश्लील पुस्तक विकणं, भाड्याने देणं, वाटणं, कोणत्याही रीतीने फिरतं ठेवणं, हा गुन्हा. फिरतं ठेवणं म्हणजे काय? आमचा देवघेव विभाग दुसरं काय करायचा? त्याच्या शेजारी कलम २९३. तेच पुस्तक २० वर्षांखालच्या व्यक्तीला विकलं तर शिक्षा जास्त. पहिल्या खेपेला दोनाऐवजी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा सापडलात तर पाचाऐवजी सात.

इथे जरा थांबा, कारण यात एक गंमत आहे. लोकांना वाटतं, २९३ म्हणजे वयाची अट. मोठ्यांनी वाचावं, लहानांनी वाचू नये. तसं ते नाहीच. पुस्तक एकदा अश्लील ठरलं की ते साठीच्या माणसाला विकणंही गुन्हाच. लहानाला विकलं तर तोच गुन्हा जड होतो, इतकंच. म्हणजे 'प्रौढांना चालेल, मुलांना नाही' असा खणच आपल्या पुस्तकांच्या कायद्यात नाही. मग मूल या कायद्यात नेमकं कुठे बसलंय, ते पुढे येईलच.

आणि हा २० आकडा आला कुठून? १९२५च्या दुरुस्तीतून. त्याच १९२५ साली, त्याच दंड संहितेत, आणखी एक दुरुस्ती झाली. मुलीचं संमतिवय वाढवून १४ केलं, पण नवऱ्यापुरतं ते १३. त्याआधी, १८९१ला ते १०चं १२ करायचं म्हटलं तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला होता, ते तुम्हाला माहीत आहे. आता दोन्ही दुरुस्त्या शेजारी ठेवा. तेरा वर्षांच्या बायकोशी संग करायला नवऱ्याला कायद्याची आडकाठी नाही. त्या मुलीला त्याविषयीचं एखादं पुस्तक कुणी विकलं आणि ते अश्लील ठरलं, तर विकणाऱ्याला जादा शिक्षा. आणि ही काळजी ती विशीची होईपर्यंत. सात वर्षं! तोवर तिची दोन बाळंतपणं झालेली असायची.

बरं, अश्लील म्हणजे काय हे ठरवायचं कसं? कलमात सुरुवातीला व्याख्याच नव्हती. न्यायालयांनी १८६८चा एक इंग्रजी निकाल उचलला होता, हिक्लिन खटल्याचा. ज्यांची मनं अशा प्रभावाला मोकळी आहेत आणि ज्यांच्या हाती हे पुस्तक पडू शकतं, त्यांना ते बिघडवील का, ही त्याची कसोटी. म्हणजे माप कुणाचं? सगळ्यात कच्च्या वाचकाचं. मूल बसलंय ते इथे. त्याच्या अंगाच्या मापाने गावातल्या सगळ्यांचे सदरे शिवायचे, आणि मग मोठ्यांची छाती मावत नाही म्हणून मोठ्यांनाच दोष द्यायचा.

१२ डिसेंबर १९५९ला मुंबईतल्या 'हॅपी बुक स्टॉल'वर एका बनावट गिऱ्हाइकाने लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या इंग्रजी कादंबरीची प्रत विकत घेतली. दुकानाच्या चार भागीदारांपैकी एक रणजित उदेशी. खटला झाला. मुल्कराज आनंदांसारखा लेखक बचावाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. दंड २० रुपये. उदेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ला हरले. हिक्लिनची कसोटी कायम राहिली. मधल्या काळात, १९६०लाच, खुद्द लंडनमध्ये त्याच पुस्तकाच्या खटल्यातून प्रकाशक सुटला होता. साहेबाने आपला सदरा बदलला, आपण मात्र त्याचा जुना जपून ठेवला.

आता आपल्या मराठीतला खटला. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण वकील मंडळी सोडली तर तो कुणाला आठवत नाही.

१९६२ची दिवाळी. सीमेवर चीनशी युद्ध पेटलेलं, आणि इकडे नेहमीसारखे दिवाळी अंक निघालेले. त्यात 'रंभा' नावाच्या मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. काकोडकर कोण, हे पन्नाशीपुढच्यांना सांगायला नको. चौकाचौकातल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या ज्यांच्या जोरावर चालल्या त्यांतले एक. कथेचा नायक निशिकांत नावाचा कवी, आणि त्याच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या बायका. एका वाचकाने तक्रार गुदरली. हे मुद्दाम सांगते, कारण आपण 'सरकारी बंदी' म्हणतो तेव्हा मंत्रालयातला कुणी चष्मेवाला अधिकारी डोळ्यांसमोर येतो. प्रत जप्त करायचा अधिकार सरकारला आहेच. पण पुष्कळदा सुरुवात होते ती तुमच्याआमच्यासारख्या एका सभासदाकडून, ज्याने अंक आधी शेवटपर्यंत वाचलेला असतो.

मॅजिस्ट्रेटने काकोडकरांना सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि २५ रुपये दंड केला. पंचवीस रुपयांसाठी माणूस दिल्लीला गेला! १९६९च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डींनी निकाल दिला. लैंगिक उल्लेख आला की अश्लील, असं धरलं तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असं त्यात म्हटलंय. समाजाची मापं बदलताहेत, हेही म्हटलंय. कुणा एखाद्या अपवादाला काय वाटेल हे बघायचं नाही, वाचकांच्या वर्गावर काय परिणाम होईल ते बघायचं, असंही. आणि त्याबरोबर एक आहेर: कथा फार उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता आणि अनुभवाची कमतरता तीत दिसत असेल, पण म्हणून ती अश्लील होत नाही. सात वर्षं खटला लढून काकोडकर निर्दोष सुटले, आणि सुटता सुटता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून पुस्तक-परीक्षणही करून घेतलं. मला विचाराल तर हे निकालातलं सर्वांत मोलाचं वाक्य. चांगल्या लेखकाची बाजू घेणारे पुष्कळ भेटतात. मर्ढेकरांवरही अश्लीलतेचा खटला झाला होता, ते सुटले, आज अभ्यासक्रमात आहेत. पण बेताचं लिहिणाऱ्यालाही लिहायचा तेवढाच हक्क आहे, हे इथे एका पॉकेट-कादंबरीवाल्यामुळे सिद्ध झालं.

१९६९लाच कलम २९२ला आणखी एक अपवाद जोडला गेला: साहित्य, कला, विज्ञान, विद्या यांच्या हिताचं असेल तर चालेल. देवळावर किंवा देवाच्या रथावर कोरलेलं असेल तरी चालेल, हा अपवाद तर आधीपासूनच होता. 'श्यामा'ची चूक एवढीच, की ती रथावर छापली नव्हती.

दिवाळी अंकांचा विषय निघालाय तर 'आवाज' आठवा. मधुकर पाटकरांचा. त्यातली खिडकी-चित्रं! वरच्या पानावर बाई अशी, पुरुष तसा, आणि मध्ये कापलेली खिडकी. आपण इकडेतिकडे बघून खिडकी उघडायची आणि आत निघायचं भलतंच काहीतरी साळसूद. घरोघरी तो अंक टीपॉयवर पडलेला असायचा, आणि आम्ही सातवीआठवीतली पोरं वडील झोपल्यावर खिडक्या उघडायचो. वडीलही आम्ही झोपल्यावर उघडत असणार, कारण सकाळी खिडकीची घडी बदललेली असायची. चावटपणा कागदावर नव्हताच. खिडकी उघडेपर्यंतच्या त्या दोन सेकंदांत होता. त्याला कलम कुठलं लावणार?

कर्व्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर तुम्ही इथे आधीच तीन व्याख्यानं ऐकली आहेत. 'समाजस्वास्थ्य' हे त्यांचं मासिक १९२७ला सुरू झालं. १९३१ला पहिला खटला, १०० रुपये दंड. १९३४ला दुसरा, तोही कशाबद्दल? वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे होते डॉ. आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील, असं होत नाही, ही बाजू त्यांनी मांडली आणि ते हरले. दंड २०० रुपये. माझ्यासारखीच्या डोक्यात हिशेब चालूच असतो: आज उल्लेख केलेल्या चार दंडांची बेरीज ३४५ रुपये होते. या पैशांनी कोण घाबरणार? घाबरवतात ते हेलपाटे. प्रकाशक हस्तलिखितातला परिच्छेद काढून टाकतो तो तारखांना भिऊन, दंडाला नाही.

आता दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता आली आहे, १ जुलै २०२४पासून. २९२चं २९४ झालं, २९३चं २९५. विसाच्या जागी आता 'बालक', म्हणजे १८च्या आतलं. इतकी वर्षं १८ची मुलगी लग्न करू शकत होती, १९८९पासून मतही देऊ शकत होती, या कलमाच्या लेखी मात्र ती आणखी दोन वर्षं लहान होती. ते एक बरं झालं. बाकी खण तेच. प्रौढांसाठी वेगळा खण नाहीच.

(मागून एका श्रोत्यांनी विचारलं: "मोबाईलवर सगळं दिसतंय, आता पुस्तकांचं काय घेऊन बसलात?")

काका, बरोबर आहे तुमचं. पण मोबाईलवर दिसतं ते दिसतं. दहावीतल्या मुलीला जे कळायला हवं, ते तिथे मिळतं का? २००७ला आपल्याच राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी झाली. धडा बाई शिकवणार नाहीत, पुस्तक कपाटात, आणि मोबाईल मात्र हातात. तुम्हीच सांगा.

मग वयाची सरळ अट बरी का? तत्त्वात बरी वाटते. अमेरिकेत मिशिगन राज्यात मुलांना बिघडवील असं पुस्तक कुणालाच विकायचं नाही, असा कायदा होता. १९५७ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर म्हणाले, हे म्हणजे डुक्कर भाजायला घर पेटवणं. मलाही वाटायचं, मुलांसाठी अट घाला आणि मोठ्यांना सोडा. पण अट घातली की शिक्का कोण मारणार, हा प्रश्न येतो. हाँगकाँगमध्ये २०१८ला जपानी लेखक मुराकामींच्या कादंबरीवर शिक्का बसला. वेष्टनात गुंडाळून, सूचना छापून, १८च्या पुढच्यांनाच विकायची. हंगेरीत दोन मुलग्यांच्या प्रेमाची चित्रकथा वेष्टनाशिवाय विकली म्हणून २०२३ला एका पुस्तक-विक्रेत्याला १ कोटी २० लाख फोरिंट दंड झाला. आणि आमच्याकडे? कुलूप लावायला घेतलं कादंबऱ्यांना, आणि आत गेलं बाळंतपणाचं पुस्तक. शिक्का मारणारा हात नेहमी आकृत्यांकडेच वळतो, हे मी ३२ वर्षं जवळून पाहिलंय. तो हात माझाच होता.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं आम्ही नव्या इमारतीत गेलो. त्या निमित्ताने सगळी ग्रंथपडताळणी झाली. एक जण दाखल क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने खूण करायची, मी पुस्तक चाळून बघायचं. बालविभागात शिवाजी महाराजांना आणखी मिशा काढलेल्या, एवढंच. मग सतरा नंबर उघडलं. वात्स्यायनाच्या एका भाषांतरातली सगळी चित्रं ब्लेडने कापलेली, अगदी सफाईने, शिवणीलगत. कादंबऱ्यांतली पानंच्या पानं नाहीशी. तारीखपत्रकं काढून सभासद क्रमांक ताडून पाहिले. एकही बालसभासद नव्हता. दोन तर तहहयात सभासद.

बाळंतपणाच्या पुस्तकातल्या आकृत्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या.