पाहुणा कुत्रा आणि घरचा ससा

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ-बहीण आपला कुत्रा घेऊन राहायला येतात आणि घरात ससा असतो, तेव्हा दोघांची मैत्री कशी करून द्यायची, यावर मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं होतं. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय त्यांची सोय होईल. कुत्रा दोन-चार दिवसांसाठीच येणार असेल, तर मैत्री करून देऊ नका. सशाला हॉलपासून सगळ्यात लांबच्या खोलीत ठेवा, दार लावा आणि पाहुण्यांच्या मुलांनाही बजावून ठेवा, की हे दार आम्हाला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. बाल्कनीत मात्र हलवू नका. तिथे फटाक्यांचा आवाज असतो, ऊनही असतं. पारा तिशीच्या वर गेला की सशाला त्रास व्हायला लागतो.

हे ऐकून काही चेहरे पडले. लॅब्रेडॉरच्या पाठीवर झोपलेल्या सशाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यातला एक प्रकार पाहून मला मात्र धडकी भरते. सशाला उताणं केलंय, तो निपचित पडलाय, कुत्रा त्याला हुंगतोय आणि खाली लिहिलंय, ‘किती विश्वास!’ आपणहून कुशीवर लवंडलेला ससा निवांत असतो, हे खरं. पण उताणा केल्यावर ताठरून पडलेला ससा भ्यालेला असतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहणं, हा त्याचा शेवटचा उपाय आहे.

सशाची भीती कळायला अवघड, कारण ती मुकी असते. मागचा पाय जमिनीवर आपटला तर निदान ऐकू तरी येतं. पण बरेचदा तो नुसता थिजतो, डोळे मोठे होतात, आणि आपण म्हणतो, “बघा, कसा शांत बसलाय!” ही भीती पोटावर जाते, आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या सशांमधला मोठा भाग पोटाच्या तक्रारींचाच असतो. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दिवसभर गवत आत, लेंड्या बाहेर. घाबरला की तो खाणं सोडतो, आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखायला लागतं, म्हणून तो आणखीच खात नाही. दहा-बारा तास काही खाल्लं नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर ‘सकाळी बघू’ म्हणायची सोय नाही. कुत्र्याने त्याला शिवायचीही गरज नसते. दाराबाहेर रात्रभर भुंकला, एवढं पुरतं. म्हणून पाहुणे आहेत तोवर सकाळ-संध्याकाळ लेंड्या बघा.

आता कुत्रा. “डॉक्टर, आमचा फार गुणी आहे, आजवर कुणाला चावला नाही.” मान्य. पण सशामागे धावणं हा राग नसतो, ती शिकार असते, आणि गुणी कुत्राही शिकारी असतो. बीगल ही जात इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठीच घडवली गेली. आपल्याकडचा कारवान आणि कर्नाटकातला मुधोळही धावत्या सशामागे सुटणारेच. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, नजर एका जागी खिळली, हाक मारली तरी मान वळत नाही, की समजा. शेपूट हलत असेल तरीही. थरथरत कुईकुई करणं म्हणजे प्रेम उतू जाणं नव्हे.

मुक्काम महिनाभराचा असेल तर ओळखीचा विचार करता येतो. पहिले काही दिवस फक्त वासाची ओळख. एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवायचं, बस. नंतर कुत्र्याला भरपूर फिरवून, खाऊ घालून, पट्ट्यावर धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं. ससा त्याच्या मजबूत कुंपणात, लपायला दोन तोंडांचं खोकं दिलेलं. बारीक तारेचा पिंजरा नको, कुत्र्याच्या एका पंजाने तो उलटतो. माणसं दोन हवीत, एकेकावर एकेकाची नजर. कुत्र्याने सशावरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की चिकनचा तुकडा द्या. चार-पाच मिनिटांत आटपा. ससा कुत्र्यासमोर गवत खायला लागला, तरच पुढच्या वेळी थोडं जवळ. गवत सोडून थिजला, तर मागे.

सशाला हातात उचलून कुत्र्याच्या नाकाशी न्यायचं नाही. त्याची हाडं हलकी आणि मागचे पाय जोरदार. घाबरून लाथ झाडली की स्वतःचाच कणा मोडतो. आणि दोघांना मोकळं सोडून स्वयंपाकघरात जायचं नाही, महिन्यानंतरही. ससा नुसता आनंदाने उधळला, तरी कुत्र्याचे पाय आपोआप त्याच्यामागे निघतात.

गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर जे थेंब टाकतात, त्यांतल्या अनेकांत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं. ते सशाला विषारी आहे. ‘उरलंय, तर सशालाही टाकू’ असं कुणी केलं तर जीव जाऊ शकतो. नुकतेच थेंब टाकलेला कुत्रा सशाजवळ येऊ देऊ नका.

एवढं करूनही दात लागलाच, तर वरून काही दिसणार नाही. केसांखाली टाचणीएवढं भोक असतं आणि आत मांस फाटलेलं. जखम दिसली नाही तरी अंधाऱ्या खोक्यात टॉवेल घालून ससा त्याच दिवशी दवाखान्यात आणा. लक्ष्मीपूजनाला कुठला दवाखाना उघडा आहे आणि तिथले डॉक्टर ससे बघतात का, हे वसुबारसेच्या आतच फोन करून विचारा. घरात कुत्र्यासाठी आणलेली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची गोळी असेल, ती सशाला तोंडावाटे देऊ नका. त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि चाव्यातून वाचलेला ससा त्या गोळीने जातो.