नाव तेच, नौका नवी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, संभाजी, शाहू, राजाराम ही नावं पुन्हा पुन्हा आली. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची ही रीत भारतीय नौदलानेही पाळली आहे.

विमानवाहू नौका विक्रांत तुम्हाला ठाऊकच आहे. पहिली विक्रांत ब्रिटनमध्ये बांधलेली, १९६१ साली ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर मारा केला. १९९७ ला ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या एका मोटारसायकलीत वापरलं गेलं. त्यातली एखादी आजही रंकाळ्यावरून धावत असेल. पुढे २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी विक्रांत दाखल झाली. लांबी २६२ मीटर, बांधणी आपल्याच देशातली. नाव तेच आणि 'आर ११' हा क्रमांकही तोच.

पण मला जास्त मोठी वाटते ती खुकरी या युद्धनौकेची गोष्ट. विक्रांत जिंकून परतली होती, खुकरी परतली नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने तिच्यावर टॉर्पेडो डागले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

बुडालेल्या जहाजाचं नाव पुन्हा ठेवायला छाती लागते. नौदलाने ती दाखवली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली क्षेपणास्त्रवाहू नौका १९८९ च्या ऑगस्टमध्ये खुकरी याच नावाने नौदलात दाखल झाली. तिच्यावर नेमणूक झालेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवसापासून कळत असणार, की आपण कुणाच्या जागी उभे आहोत. सैनिक टाकळीसारखी सैनिकांची गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही दुसरी खुकरी ३२ वर्षं राबली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि संग्रहालयासाठी दीवच्या स्वाधीन करण्यात आली. तेव्हा सोमनाथ-दीवची सहल ठरवाल, तर तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. आणि मुलांना ती दाखवण्याआधी पहिलीची हकीकत सांगा.

नमस्कार.