एका नौकेत दोन बॅटऱ्या

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओ-नियंत्रित विजेची नौका पाण्यात सोडणाऱ्याच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच: एका बॅटरीवर नौका पंधरा मिनिटे चालते आणि पोटात जागा तर शिल्लक आहे, मग दुसरी बॅटरी का ठेवू नये? जरूर ठेवावी, परंतु दोन पॅक एकमेकांना कसे जोडायचे, हे आधी ठरवावे लागते आणि त्या निर्णयावर नौकेचे पुढचे सगळे वागणे अवलंबून असते.

शाळेत शिकलेल्या दोन जोडण्या आपल्याला आठवत असतील. एकसर जोडणीत, म्हणजे सिरीजमध्ये, एका पॅकचा धन ध्रुव दुसऱ्याच्या ऋण ध्रुवाला जोडतात. त्यात व्होल्टेजची बेरीज होते आणि क्षमता तेवढीच राहते. समांतर जोडणीत धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडतात. त्यात व्होल्टेज तेवढेच राहते आणि क्षमतेची बेरीज होते. दोन सेलचे, 7.4 व्होल्ट आणि 5000 एमएएचचे (म्हणजे 5000 मिलिअँपिअर-तास क्षमतेचे) दोन लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, पॅक घेतले, तर एकसर जोडणीत 14.8 व्होल्ट व 5000 एमएएच मिळतात, समांतर जोडणीत 7.4 व्होल्ट व 10000 एमएएच. साठवलेली ऊर्जा दोन्हीकडे सारखीच, 74 वॉट-तास. फरक पडतो तो ती ऊर्जा किती वेगाने बाहेर ओढली जाते यात.

येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. व्होल्टेज दुप्पट केले की वेग दुप्पट होईल, एवढाच विचार केला जातो. पण पाण्यात फिरणारा प्रोपेलर दुप्पट वेगाने फिरवायला साधारण चौपट जोर आणि आठपट शक्ती लागते. आधी 7.4 व्होल्टवर 20 अँपिअर घेणारी मोटर तोच प्रोपेलर घेऊन 14.8 व्होल्टवर 80 अँपिअरच्या दिशेने जाऊ लागते. प्रत्यक्षात मोटर त्याआधीच दमते आणि आकडा थोडा खाली राहतो, तरी 148 वॉटची मागणी जवळजवळ 1200 वॉटपर्यंत चढते आणि पंधरा मिनिटांची सफर चार मिनिटांच्या आत आटोपते, अर्थात तोपर्यंत स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा विजेचा भाग, शाबूत राहिला तर. म्हणून एकसर जोडणी करायची असेल, तर आधी स्पीड कंट्रोलरला तेवढे व्होल्टेज सोसते का ते पाहावे आणि प्रोपेलर लहान करावा किंवा कमी केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला कमी फेरे घेणारी, मोटर बसवावी. केवळ जास्त वेळ फिरायचे असेल, तर समांतर जोडणीच योग्य. माझ्या मते संथ चालणाऱ्या नौकेला दुसरे काही लागतच नाही.

समांतर जोडणी सौम्य वाटते, परंतु तिचाही एक सापळा आहे. पूर्ण भरलेला, 8.4 व्होल्टचा पॅक आणि निम्म्याहून अधिक वापरलेला, 7.4 व्होल्टचा पॅक एकत्र जोडले, तर दोघांमध्ये एक व्होल्टचा फरक असतो. दोन्ही पॅकचा अंतर्गत रोध आणि तारांचा रोध मिळून 25 मिलिओहम धरला, तर मोटर बंद असतानाही जोडल्या क्षणी भरलेल्यातून रिकाम्यात 40 अँपिअर धावतात. तो पॅक चार्जरवर आपण 5 अँपिअरने भरतो, हे लक्षात घ्या. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही पॅक मल्टीमीटरने मोजावेत आणि फरक 0.1 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर जोडू नयेत.

एकसर जोडणीत धोका दुबळ्या पॅकला असतो. स्पीड कंट्रोलर फक्त एकूण व्होल्टेज पाहतो. तो 12.8 व्होल्टला थांबणार असेल, तर चांगला पॅक 7.4 वर आणि जुना 5.4 वर असतानाही त्याला सारे आलबेल वाटते. पण त्या जुन्या पॅकमधले सेल सरासरी 2.7 व्होल्टवर, म्हणजे लिपोच्या 3 व्होल्टच्या मर्यादेखाली गेलेले असतात आणि तो पॅक पुढे फुगतो. एकाच जातीचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच वेळी घेतलेले पॅकच एकत्र वापरावेत आणि प्रत्येकाच्या बॅलन्स वायरला, म्हणजे एकेका सेलचे व्होल्टेज मोजता येते त्या बारीक तारांना, स्वतंत्र अलार्म लावावा.

दोन मोटरींच्या नौकेत एक चूक फार फसवी असते. दोन पॅक एकसर जोडून, खालचा पॅक एका स्पीड कंट्रोलरला आणि वरचा दुसऱ्याला द्यावा, असे कोणालाही सुचू शकते. परंतु दोन्ही कंट्रोलरच्या ऋण तारा रिसीव्हरमध्ये एकत्र येतात, त्यामुळे खालच्या पॅकचा धन आणि ऋण ध्रुव त्या बारीक काळ्या तारेतून थेट भिडतात आणि ती तार क्षणात जळते. दोन मोटरींना दोन पॅक द्यायचे, तर पॅक पूर्णपणे वेगळे ठेवावेत, किंवा दोन्ही समांतर जोडून त्यांतून दोघांना वीज द्यावी. दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण वेगळ्या पॅकपैकी एक आधी संपला की नौका एकाच बाजूला वळू लागते. दोन्ही कंट्रोलरमध्ये बीईसी, म्हणजे रिसीव्हरला कमी व्होल्टची वीज पुरवणारा भाग, असेल, तर सामान्यतः एकाची लाल तार रिसीव्हरपासून काढून ठेवतात.

आता हातातल्या कामाविषयी. कनेक्टर बदलताना पॅकच्या दोन्ही तारा एकदम कधीही कापू नयेत. मी एकदा घाईत कापल्या. डोळ्यांसमोर निळसर लखलखाट झाला आणि कटरच्या पात्यावर पडलेली अर्धगोल खाच आजही तशीच आहे. एक तार कापावी, सोल्डर करावी, हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आकसणारी नळी, चढवावी आणि मगच दुसरीला हात लावावा. प्रत्येक पॅकच्या धन तारेवर, पॅकच्या जवळ, स्वतंत्र फ्यूज असावा. अंतर जास्त असेल तर बॅटरीच्या नव्हे, मोटरच्या तारा लांब कराव्यात. बॅटरीच्या लांब तारांमुळे उठणारे व्होल्टेजचे झटके कंट्रोलरमधल्या कपॅसिटरना सोसत नाहीत.

पॅक तळाशी, मधल्या रेषेवर बसवावेत. 1898 साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये जी बिनतारी नौका दाखवली, तिच्या पोटातही बॅटऱ्याच होत्या, तेव्हा वजनाचा हा प्रश्न आपल्या छंदाइतकाच जुना म्हणावा लागेल. दोन पॅक पुढे-मागे सरकवून नौका पाण्यावर सपाट बसली की त्या जागा खुणेने पक्क्या कराव्यात.

पहिली फेरी दोन मिनिटांचीच घ्यावी. नौका काठावर आली की पॅक सोडवण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरला बोट लावून पाहा. सगळे कोमट आणि एकच चटका देणारा असेल, तर त्याचे सोल्डर काढून पुन्हा करा.